कुतूहल : फांदी कापते की चेपते?
पाऊस सरला की बंगल्यांत गुलाब, बोगनवेलींची छाटणी निघते. एक फांदी स्वच्छ कापली जाते, दुसरी चिरडून काळी पडते. असं का? फरक सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा. सपाट पट्टीवर पातं दाबणारं सिकेटर सुक्या काटक्यांना ठीक. ओली फांदी मात्र ते चेपतं. सालीखालचा जिवंत थर चिरडतो, जखम सावकाश भरते, बुरशी शिरते. कात्रीसारखं, आकड्याशेजारून पातं सरकणारं सिकेटर घ्या. घरच्या बागेला हे एकच पुरे. पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे धरा.

पात्यावर वाळलेला चीक ओलावा धरतो, पोलाद गंजतं. काम संपताच स्पिरिटने पुसून थेंबभर मशीनचं तेल द्या. धार उतरत्या बाजूलाच लावा. सपाट बाजू झिजली तर पातं आणि आकड्यात फट पडते, फांदी त्यात दुमडते.