स्थानिक इतिहासाची व्याख्याने आणि त्यांचा पुरावा

महाराष्ट्रात इतिहासविषयक सार्वजनिक भाषणांची परंपरा जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने अस्सल कागदपत्रे मिळवून ती विद्वानांपुढे मांडण्याचा प्रघात पाडला. गावच्या इतिहासावरील व्याख्यानात या दोन्ही प्रवाहांचा संगम व्हावयास हवा. कारण तेथे पुराव्याचा काही भाग श्रोत्यांच्या नित्याच्या वाटेवरच असतो.

रोह्याजवळील अवचितगडाचे उदाहरण घ्यावे. तेथील एका शिलालेखात शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काल दिलेला आहे. साठ संवत्सरांचे चक्र शके १७२९ मध्ये प्रभवापासून नव्याने सुरू झाले. त्याच्या अकरा वर्षे मागे गेल्यास पन्नासावे, म्हणजे नल संवत्सरच येते. आकडा व नाव यांचा असा मेळ बसतो आणि लेखाचा काल इ. स. १७९६ ठरतो. परंतु गड शिवकाळीही अस्तित्वात होता. अर्थात हा लेख गडाच्या मूळ उभारणीचा नव्हे, हे उघड आहे. ही पडताळणी भर सभेत फळ्यावर करून दाखविता येते.

पेण तालुक्यातील सांकशीच्या किल्ल्याची गोष्ट निराळी आहे. १५४० च्या सुमारास गुजरातचा सुलतान, निजामशाही व पोर्तुगीज यांच्यात या किल्ल्यासाठी चढाओढ झाली. पोर्तुगीजांनी तो काही काळ ताब्यात ठेवून पुढे निजामशहास परत दिला. हा वृत्तांत पोर्तुगीज इतिहासकारांच्या लेखनातून कळतो. नुसता किल्ला पाहून तो उमगणार नाही.

म्हणजे एके ठिकाणी पुरावा दगडावर, तर दुसरीकडे परभाषेतील ग्रंथांत आहे. वक्त्याने हा भेद झाकला, तर दंतकथा आणि सिद्ध घटना श्रोत्यांच्या मनात एकाच पातळीवर बसतात आणि पुढील पिढी दोन्ही सारख्याच विश्वासाने सांगू लागते. म्हणून प्रत्येक विधानाचा आधार सांगणे व परंपरेला परंपरा म्हणणे हे वक्त्याचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य श्रोत्यांकडून साधने मिळविण्याचे. जुन्या घरांतून सनदा, वतनपत्रे, हिशेब असे मोडी कागद निघतात. मोडी वाचणारे थोडे उरल्यामुळे ते निरुपयोगी समजून टाकून दिले जातात. व्याख्यानानंतर असा एक कागद जरी वाचला जाऊन त्याची नक्कल ठेवली गेली, तरी त्या सभेने इतिहासात खरी भर घातली असे म्हणता येईल.