सरपणात टाकण्याआधी जुना रंधा नीट पाहा

जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातलं अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखलं जातं. गळीत हंगामात ऊस आणणाऱ्या बैलगाड्यांना आता रबरी टायर असतात. लाकडी चाकांच्या काळात तुंबा आणि आरे घडवणाऱ्या सुतारावाचून गावाचं पान हलत नसे. ती चाकं गेली, पुढे प्लायवूड आलं, विजेवर चालणारा रंधा आला आणि सुताराच्या पेटीतला लाकडी रंधा माळ्यावर जाऊन पडला. तिथून तो बहुतेकदा चुलीत जातो. पातं भंगारात जातं आणि जालन्याच्या पोलाद भट्ट्यांमुळे भंगाराला गिऱ्हाईक लगेच मिळतं. या नासाडीमागे गरिबीपेक्षा गैरसमज जास्त आहेत.

पहिला गैरसमज असा, की लोखंडी रंधा परवडत नव्हता म्हणून लोक लाकडी वापरत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात रंधे सापडले आहेत आणि रोमन सुतारांच्या रंध्यांना लोखंडी तळ असत. म्हणजे लोखंडाची कल्पना जुनीच होती. तरीही त्यानंतर कित्येक शतकं युरोपातले सुतार प्रामुख्याने लाकडी रंधेच वापरत राहिले. ओतीव लोखंडाच्या रंध्याचा मोठा प्रसार अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये लेनर्ड बेली यांच्या रंध्यांचे हक्क विकत घेतल्यावर झाला. बेली यांची खरी करामत स्क्रूने पातं खालीवर करण्यात होती. साल पातळ निघणं मात्र धार, पात्याचा कोन आणि रंध्याचं तोंड यांवर ठरतं. लाकडी तळ लाकडावरून हलका सरकतो, झिजला तर सुतार स्वतः सपाट करतो आणि हातातून पडला तर ओतीव लोखंडासारखा तुटत नाही.

दुसरा घोळ नावांचा. पात्यावर शेफील्डच्या विल्यम मार्पल्सचं किंवा वॉर्ड अँड पेनचं नाव दिसलं की अख्खा रंधा विलायती ठरवला जातो. पात्यावरचं नाव पातं करणाऱ्याचं. विलायती रंध्याच्या लाकडी ठोकळ्यावर, पुढच्या टोकाला, वेगळ्याच कारखान्याचा शिक्का असू शकतो. ग्लासगोच्या मॅथिसनचा, यॉर्कच्या व्हारव्हिलचा. आजूबाजूला ठोकलेली नावं एकामागून एक झालेल्या मालकांची असतात. विलायती ठोकळा बहुधा बीच नावाच्या फिकट लाकडाचा असतो. आपल्याकडे पातं बाजारातून यायचं आणि ठोकळा सुतार स्वतःच घडवायचा. त्यामुळे बाभळीच्या किंवा शिसवीच्या ठोकळ्यात शेफील्डचं पातं दिसलं, तर तो रंधा इथल्याच सुताराच्या हातचा असण्याची शक्यता दाट.

याच पात्यांवर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरं असतात आणि ती वाचून लोक पातं ओतीव लोखंडाचं समजून टाकून देतात. प्रत्यक्षात ते मुशीत वितळवलेलं उत्तम पोलाद. शेफील्डमध्ये ही पद्धत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात रुळवली. आपल्या दख्खनला मात्र मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं आणि जालन्यासारखंच तेही निजामाच्या राज्यात होतं. हिंदुस्थानातल्या या ‘वूट्झ’ पोलादाचा अभ्यास १८२० च्या सुमारास खुद्द मायकेल फॅरेडे यांनी केला.

शिक्का नाही म्हणजे किंमत नाही, हा समज सर्वांत अन्यायाचा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेन्थम गावी फ्रान्सिस निकोल्सन नावाचा रंधे करणारा कारागीर होता. त्याच्याकडे सीझर चेलर हा कृष्णवर्णीय कारागीर गुलाम म्हणून काम करी. १७५३ मध्ये निकोल्सन वारला. त्याच्या मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य, दहा एकर जमीन आणि अवजारं मिळाली. पुढे चेलर स्वतःच्या नावाचा आणि गावाचा शिक्का रंध्यांवर मारू लागला. १७८४ मध्ये तो वारला. आज त्याचा रंधा मिळाला तर संग्राहक जिवापाड जपतात. स्वतःच्या शिक्क्यामुळेच तो इतिहासात उरला.

आपल्या गावगाड्यातला सुतार मात्र बलुतेदार होता. औतं, गाड्या आणि दारं-चौकटी करून त्याला सुगीला धान्य मिळायचं. रंधा तो विकायला नव्हे, स्वतःच्या हातासाठी करायचा. मग शिक्का मारायचा कुणासाठी? त्याची खूण वेगळी असते. पात्याच्या खाचेत पटाशीचे बारीक घाव दिसतात, पाचर त्या एकाच खाचेला बसेल अशी तासलेली असते आणि तळव्याखालची जागा वर्षानुवर्षांच्या घासणीने खोलगट, गुळगुळीत झालेली असते.

दुरुस्तीच्या नावाखाली नेमक्या याच खुणा पुसल्या जातात. पॉलिश पेपरने सगळं अंग घासून वर वॉर्निश चढवलं की रंधा शोकेसमध्ये शोभतो आणि त्याचा इतिहास मात्र जातो. तेलात बुडवून ठेवणंही चूक. खाचेत तेल मुरलं की पाचर धरत नाही. कोरड्या फडक्याने धूळ काढावी, बाहेरून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, एवढं पुरे.

रंध्याच्या गालाला, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाला, गेलेला तडा पाहून लोक लाकडाला दोष देतात. दोष बहुधा पात्याच्या रुंदीचा असतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि ठोकळा आडवा आकसतो. पोलाद तसं आकसत नाही. पातं खाचेत दोन्ही बाजूंनी घट्ट बसलेलं असेल, तर गाल फाटल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून तडा चिकटवण्याआधी पात्याच्या कडा कानशीने किंचित घासाव्यात. लाकूड कोरू नये. काम झालं की पाचर सैल करून ठेवावी.

तोंड रुंद झालेला रंधाही बाद नसतो. पात्याची खाच तिरकी असल्याने तळ झिजेल तसं तोंड मोठं होतं. पात्यासमोर तळात कठीण लाकडाचं ठिगळ बसवलं की रंधा पुन्हा बारीक साल काढतो. तळ सपाट करताना पातं आत ओढून पाचर ठोकलेली असावी, कारण पाचरेच्या ताणाने ठोकळा किंचित वाकतो. गंजलेलं पातं ग्राइंडरवर धरण्याची घाई नको. धार निळी पडली की तिचं पाणी उतरलंच. पातं दगडावर, पाणी घालत, सावकाश घासावं.

रंधा कुणाचा, गाव कोणतं, लाकूड कोणतं, त्यावर काय काय घडलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावं आणि तो कागद पेटीत रंध्याबरोबर ठेवावा. लाकडावर मात्र नवं नाव कोरू नये.