सायटेशनचा आकडा खरेपणाची ग्वाही देत नाही

शोधनिबंध किती, त्यांना सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) किती आणि एच-इंडेक्स किती, या तीन आकड्यांवर संशोधकाची योग्यता ठरवण्याची रीत विद्यापीठांत रुळली आहे. आकडा मोठा म्हणजे निष्कर्ष खरे, असे नेमणूक समितीपासून वर्तमानपत्रांपर्यंत सारे धरून चालतात. हा समज किती चुकीचा आहे, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॅन्सिंक यांच्या कारकिर्दीतून दिसते. माणूस किती खातो हे भुकेपेक्षा ताटाच्या, वाडग्याच्या आकारावर ठरते, असे ते सांगत. तळातून नकळत भरत राहणाऱ्या वाडग्यातून सूप पिणाऱ्यांनी ७३ टक्के अधिक सूप प्यायले आणि त्यांना ते जाणवलेही नाही, हा त्यांचा २००५चा प्रयोग जगभर गाजला. सायटेशन हजारोंनी जमली. २००७ ते २००९ या काळात ते अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण धोरण केंद्राचे प्रमुखही होते.

पुढे पिझ्झा बुफेवरच्या एका प्रयोगातून अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही. तेव्हा तीच आकडेवारी पुन्हा चाळून काहीतरी शोधायला आपण एका अभ्यागत विद्यार्थिनीला सांगितले, असे २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच कौतुकाने लिहिले. त्या आकडेवारीवरचे चार निबंध तीन संशोधकांनी तपासले आणि २०१७च्या आरंभी त्यांतल्या सुमारे १५० विसंगती मांडल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘जामा’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकांनी वॅन्सिंक यांचे सहा निबंध एका दिवशी मागे घेतले, कारण मूळ नोंदी नसल्यामुळे निष्कर्षांची खातरजमा करता येत नाही, असे कॉर्नेलने कळवले होते. विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले आणि त्यांनी राजीनामा दिला. इतकी वर्षे सायटेशन वाढत असताना हे कुणाला दिसले नाही, कारण सायटेशन देणारा मूळ आकडेवारी तपासत नाही. बहुतेक वेळा ती त्याच्यासमोर नसतेच. निबंध खोडून काढणाऱ्याला त्याचा उल्लेख करावाच लागतो, आणि तो उल्लेखही बेरजेत धरला जातो. निबंध मागे घेतल्यावरही त्याला संदर्भ मिळत राहतात, हे तर आणखी गंभीर.

एका माणसाच्या गैरवर्तनावरून मापच खोटे कसे ठरवायचे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, म्हणून निखळ प्रामाणिक उदाहरण घेऊ. प्रथिने मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१चा निबंध विज्ञानातील सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांत अग्रभागी आहे. त्याची सायटेशन तीन लाखांवर गेली आहेत. दुधापासून डाळींपर्यंत प्रथिने मोजायला अन्नप्रयोगशाळांनीही ती पद्धत वापरली. पण विसाव्या शतकातला तो सर्वांत मोठा शोध होता, असे स्वतः लाउरीही मानत नव्हते. सायटेशनचा आकडा सांगतो तो वापर, आणि तोही फक्त इतर निबंधांतला. कारखान्यात, शेतात, घरात झालेला वापर त्यात येत नाही. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत होते; दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. देशाच्या दुग्धव्यवसायाची दिशा बदलणाऱ्या या कामाचे मोल कुठल्याही एच-इंडेक्समध्ये मावणार नाही. तो निर्देशांक म्हणजे नुसते गणित आहे: किमान ‘क्ष’ सायटेशन मिळालेले ‘क्ष’ निबंध असतील, तर त्यांतला सर्वांत मोठा ‘क्ष’ हा एच-इंडेक्स. प्रत्येकी हजार सायटेशनचे तीनच निबंध असतील तर तो ३, आणि प्रत्येकी वीस सायटेशनचे वीस निबंध असतील तर २०. यांतला मोठा संशोधक कोण, हे या गणिताला ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडे काढून टाकले तर वशिला उरेल. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये गुणांकन आणले त्यामागे हीच काळजी होती. पण निबंधाला गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. त्याला आवर घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात विशेष कक्ष उभारला, त्यातून विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली. यादीचे काम वाचनाने करायला हवे होते. आकडे पहिल्या चाळणीपुरते वापरायला हरकत नाही. त्यापुढे समितीने उमेदवाराचे निवडक तीन निबंध खरोखर वाचावेत, मूळ आकडेवारी खुली आहे का हे विचारावे, आणि तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत जमला का हे पाहावे. आहाराचा सल्ला बातमीत वाचणाऱ्यानेही हा शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय आपले ताट बदलू नये.