धूळ, फडके आणि गाडीचा रंग

मार्च महिना लागला, की शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीवर दोन-चार दिवसांतच धुळीचा जाड थर बसतो. मुले त्यावर बोटाने नावे लिहितात. मग कोणीतरी पिवळे फडके घेऊन ती कोरडीच खसाखसा पुसून काढतो आणि गाडी लखलखू लागते. आम्हीही कित्येक वर्षे हेच करीत होतो. एके सकाळी उन्हात टपाकडे पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसली. ती कोठून आली? धूळ तर आम्ही नेमाने काढीत होतो!

चिमटीत धरली तर धूळ मऊ लागते. पण हा मऊपणा फसवा आहे. कण अतिशय लहान असल्यामुळे बोटांना त्यांच्या कडा जाणवत नाहीत, इतकेच. धुळीत परागकण, धागे, काजळी असते. पण बराचसा भाग खडक झिजून झालेल्या खनिजांचा असतो. फ्रीडरिख मोस यांनी 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी श्रेणी मांडली. तिच्यात हिरा 10 वर आणि शंखजिरे 1 वर आहे. आपले नख सुमारे अडीच, तर खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पार 6 वर आहे. वाळूत आढळणारी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, 7 वर आहे. काचेवर ओरखडा काढणारे हे कण गाडीच्या रंगाला काय दाद देणार!

आजकालच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. तो पॉलिमरचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचाच. त्याची जाडी सुमारे 40 ते 50 मायक्रोमीटर असते, आपल्या केसाहूनही कमी. कोरडे फडके फिरवले, की त्याखाली अडकलेले कण दाबले जातात आणि फरफटत जातात. म्हणजे फडक्याचा पॉलिश कागद होतो. ओरखडे घालवण्यासाठी पॉलिश करावे, तर तेही हाच पातळ थर थोडा थोडा घासून काढते. त्यामुळे हा उपाय पुन्हा पुन्हा करता येत नाही.

मग ती वर्तुळे? खरे तर ओरखडे सर्व दिशांना असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार मांडणीत बसणारे तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश परावर्तित करतात. बाकीचे दिसत नाहीत. म्हणून आपण डोके हलवले, की वर्तुळेही सरकतात. रोज घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या ताटातही बल्बच्या प्रतिबिंबाभोवती अशीच वर्तुळे दिसतात. मुलांना ती जरूर दाखवावीत.

वाऱ्याने धूळ उडून का जात नाही, असा प्रश्न मुले विचारतील. त्यांना छताच्या पंख्याची पाती दाखवा. पंखा दिवसभर फिरतो, तरी पात्यांवर धूळ साचतेच. पृष्ठभागाला अगदी लागून असलेल्या हवेचा पृष्ठभागाच्या तुलनेत वेग जवळजवळ शून्य असतो. शिवाय कण जितका लहान, तितके त्याच्या वजनाच्या मानाने त्याला धरून ठेवणारे आकर्षणाचे बल मोठे ठरते. ही पकड सैल करण्याचे काम पाणी करते. ते कण आणि रंग यांच्यामध्ये शिरते, कण सुटा करते आणि वाहून नेते. साबणाच्या पाण्याने ओलावा सर्वत्र पसरतो व घर्षण कमी होते.

यावरून एकच नियम निघतो : आधी पाणी, मग हात. गाडी सावलीत उभी करावी व बॉनेट गार होऊ द्यावे. नाहीतर पाणी लगेच वाळते आणि त्यातील क्षारांचे पांढरे डाग राहतात. मग बागेच्या झारीने वरून खाली भरपूर पाणी सोडावे. दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा सोडावे. या वेळी गाडीला हात लावू नये. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठी मिळणाऱ्या शांपूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मऊ फडके शांपूच्या पाण्यात बुडवून टपापासून खाली, न दाबता फिरवावे. प्रत्येक भाग झाल्यावर ते साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शांपूत बुडवावे. चाकांजवळचा भाग सर्वांत शेवटी, कारण खडे तेथेच अधिक असतात. नुसते ओलसर फडके मात्र पुरेसे नाही; कण त्याखालीही फरफटतातच.

वर्गात हे पडताळून पाहता येते. दोन निकामी सीडी घेऊन त्यांच्या चकचकीत बाजूवर रस्त्याकडेची वाळलेली धूळ भुरभुरावी. एक कोरड्या फडक्याने दहा वेळा पुसावी. दुसरीवर आधी तांब्याभर पाणी ओतावे आणि मग ती स्वच्छ ओल्या फडक्याने तितक्याच वेळा पुसावी. दोन्ही दिव्याखाली तिरप्या धरून मुलांनाच फरक सांगू द्यावा.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. नळी सोडून गाडी धुतली, तर शंभर लिटर पाणी सहज जाते. झारी आणि दोन बादल्यांत ते बरेच वाचते. पण ज्या गावात एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तेथे तेवढेही कोठून आणायचे? तेथे काचा, दिवे आणि नंबरची पाटी पाण्याने स्वच्छ करावी आणि बाकी धूळ पावसापर्यंत खुशाल राहू द्यावी. स्वस्थ पडलेली धूळ ओरखडे काढीत नाही, ते आपला हात काढतो. मुलांनी बोटाने लिहिलेली नावे गाडी धुतल्यावरही तिरप्या उजेडात कधीकधी वाचता येतात, ती याचीच साक्ष देतात.