आधी तळ्याकाठची वाट, मग जीवदानीच्या पायऱ्या

‘रोज चालत जा’ असे सांगितले की आपल्याकडच्या रुग्णांचे उत्तर ठरलेले असते, ‘डॉक्टर, स्टेशनपर्यंत चालतोच की!’ पहाटेची लोकल गाठण्यासाठी धावणे आणि चर्चगेटपर्यंत लोंबकळत जाणे यात शरीर दमते खरे. पण हृदयाला जो व्यायाम हवा, तो एका लयीत, सलग चालण्याने मिळतो. आणि त्यानंतर आठ तास खुर्चीत बसणे असतेच. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली बसच्या चालक-वाहकांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असलेल्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा अधिक आढळले.

काही जण मात्र दुसऱ्या टोकाला जातात. माझ्याकडे येणारे पन्नाशीचे एक गृहस्थ मधुमेही, नोकरी बैठी. साखर वाढल्याचे कळताच रविवारी थेट जीवदानीच्या पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर छातीत दडपण आले. त्यांना वाटले पित्त झाले. तपासणीत हृदयाला रक्तपुरवठा कमी असल्याचे निघाले. वेळीच उपचार झाले म्हणून निभावले. देवीचा डोंगर तेराशेहून अधिक पायऱ्यांचा. ज्याला सवय नाही त्याने व्यायामाचा श्रीगणेशा तिथे करू नये. उतरताना गुडघ्यांवर ताण पडतो तो वेगळाच.

मग सुरुवात कुठे करावी? विरार पूर्वेला फुलपाड्याजवळ पापडखिंडीचा जलाशय आहे. विरारच्या पाण्यासाठी बांधलेले हे धरण आकाराने मोठ्या तळ्याएवढेच. भोवती डोंगर आणि झाडी. वसई पश्चिमेकडच्यांना निर्मळचे तळे जवळ पडेल. तिथे जंगल नसले तरी वाट सपाट आहे. नवशिक्याला असेच ठिकाण हवे. चढ नाही, त्यामुळे दम लागत नाही. आणि झाडे-पाणी समोर असले की चालण्याचा कंटाळा येत नाही. जपानमध्ये १९८२ पासून सरकारी वनखात्यानेच लोकांना जंगलात सावकाश फिरण्याचा सल्ला द्यायला सुरुवात केली.

पूर्ण फेरी झालीच पाहिजे असा हट्ट नको. घड्याळ लावून पंधरा मिनिटे जावे आणि तितकीच मिनिटे परत यावे. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग योग्य. आठवड्यातून पाच दिवस असे चालले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटे भरतात. रोज तळ्यावर जाणे जमत नसेल तर इतर दिवशी घराजवळच्या रस्त्यावर चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली केल्यानेही मधुमेहींची साखर कमी चढते.

आता काही पथ्ये. मधुमेहींनी चपला घालून जाऊ नये. मोजे आणि बूट हवेत. पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही, म्हणून घरी आल्यावर तळवे पाहावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात दोन चमचे साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, चक्कर जाणवली की ती लगेच खावी.

पावसाळ्यात पाण्यात उतरू नये. चिंचोटीच्या धबधब्यावर आजवर अनेक तरुण जिवाला मुकले आहेत. पापडखिंडीचे पाणीही शांत दिसते म्हणून उथळ समजू नये. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्यानंतर पंधरवड्यात ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

झाडीत वाट सोडू नये. साप चावल्यास आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णाला धीर द्यावा, चावलेला पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पदंशावरची लस तिथे मिळते.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, विनाकारण घाम यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसावे. ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणून चालत राहू नये. सोबत्याने १०८ ला फोन करावा. म्हणूनच एकट्याने जाऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच, आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. तीन महिने सपाट वाटेवर नेमाने चाला. त्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तर जीवदानीच्या पायऱ्या आहेतच. देवी कुठे जात नाही!