खडकाळ किनारा आणि उतारवयातील जलविहार

मालवणच्या धक्क्यावर सुटीच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसते. मुले आणि नातवंडे होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघतात. आजी-आजोबा मात्र पिशव्या आणि चपला सांभाळत सावलीत बसून राहतात. "तुम्हांला झेपायचे नाही" हे वाक्य प्रेमापोटीच उच्चारलेले असते. परंतु ज्येष्ठांनी पाण्यात जावे की नाही, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या पाण्यात, कोणत्या वेळी आणि कोणाच्या सोबतीने जावे, असे विचारले तर बहुतेकांसाठी काही ना काही वाट निघते.

प्रथम पाण्याची निवड करावी. मालवणचा समुद्र खडकांनी भरलेला आहे. 1664 मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग अशाच खडकाळ बेटावर उभा आहे. तेथवरचा प्रवास लहान असला, तरी होडी हलते आणि उतरल्यावर उंचसखल पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी दक्षिणेकडील तारकर्ली-देवबागचा विचार करावा. देवबाग ही भूमीची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूस समुद्र, तर दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी. खाडीचे पाणी बहुधा शांत असते, आणि माडांच्या सावलीतून होणारा नौकाविहार हृदयावर किंवा सांध्यांवर फारसा भार टाकत नाही. मात्र नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे ओहोटीच्या वेळी प्रवाह वेगाने समुद्राकडे धावतो. त्या ठिकाणी पाण्यात उतरू नये.

वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची. पावसाळ्यात येथील जलक्रीडा बंद असतात. हिवाळ्यातील सकाळ सर्वांत चांगली, कारण दुपारनंतर खारे वारे वाढतात आणि लाटाही. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण होते, हा आपल्या वाडवडिलांचा हिशेब आपणांस ठाऊक असेल: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तो ढोबळ आहे. अचूक वेळ स्थानिक तांडेलालाच विचारावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतील अंतर कमी असते. ओहोटीत होडी धक्क्यापासून खाली जाते, आणि उतारवयात पडण्याचा खरा धोका भर समुद्रात नव्हे, तर या चढण्या-उतरण्याच्या क्षणी असतो. तेव्हा घाई करू नये. होडी स्थिर होईपर्यंत थांबावे, दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि एक माणूस होडीत, एक धक्क्यावर असा आधार घ्यावा.

होडीत शक्यतो मध्यभागी किंवा मागे बसावे. वेगवान बोटीच्या पुढच्या टोकाला लाटांचे आदळे बसतात. हाडे ठिसूळ झालेल्यांच्या मणक्यास त्यानेही इजा होऊ शकते. जीवरक्षक जाकीट मापाचे असावे आणि त्याचे सर्व पट्टे बांधावेत. पॅराशूटला लटकून उडणे किंवा बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या तराफ्यावर बसणे मात्र टाळलेलेच बरे.

पाण्याखालचे प्रवाळ पाहण्याचा मोह पडला, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. गळ्यापर्यंत पाण्यात उतरताच पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे काम वाढते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, कानाचा विकार किंवा नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तर ही गोष्ट लपवू नये. पाण्यात उतरण्यापूर्वी भरून घेतला जाणारा प्रकृतीविषयीचा अर्ज हा केवळ सोपस्कार नव्हे.

सोबत जाणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, लघवीची गोळी घेणारे अनेक ज्येष्ठ होडीत अडचण नको म्हणून गोळी चुकवतात किंवा पाणीच पीत नाहीत. कोकणातील उकाड्यात हे घातक ठरते. गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना आधीच विचारावे. दुसरी, बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते. अशी गोळी परस्पर देऊ नये. तिसरी, मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी चालू देऊ नये. खडकांवरील कालवांच्या धारदार कडा पाय कापतात आणि ते कळतही नाही. पाण्यातही बंद पादत्राणे असावीत. परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन तळवे नीट पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्याची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी.

इतके सांभाळूनही कोणी "मला काठावरच बसायचे आहे" म्हणाले, तर त्या इच्छेचा मान राखावा. मात्र तो निर्णय त्यांचा असावा, आपण परस्पर घेतलेला नव्हे. पुढच्या सहलीत पिशव्या खोलीवर ठेवा, आणि निघण्यापूर्वी आजींना एकदा विचारा: "येतेस का होडीत?"