मैदानावरचा खेळ, पडद्यावरचा खेळ

टोकियोच्या कोतो वॉर्डमध्ये ओजिमा नावाचा भाग आहे. तिथल्या उंच इमारतींत बरीच भारतीय कुटुंबं राहतात आणि त्यांत मराठी घरंही आहेत. तुम्ही ओजिमात राहत असा की आणखी कुठे, एक वाक्य तुम्ही घरी ऐकलंच असेल: "तो गेम बंद कर आणि जरा बाहेर जाऊन खेळ!"

पण गंमत बघा. जी मुलं रोज बाहेर खेळतात, तीसुद्धा घरी आली की गेम लावून बसतात. असं का होतं?

पहिलं कारण आपल्या भाषेतच सापडतं. मराठीत आपण क्रिकेट 'खेळतो' आणि व्हिडिओ गेमही 'खेळतो'. क्रियापद एकच! तुमचे आजी-आजोबा लहानपणी पकडापकडी खेळताना दमले, की 'टाइम प्लीज' म्हणून थांबायचे. गेममधलं 'पॉज'चं बटण तेच काम करतं. लहान भावंडाला 'कच्चं लिंबू' म्हणून खेळायला घ्यायचे. ते आऊट झालं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. गेममध्ये सोपी पातळी असते ना, तसंच हे. आणि क्रिकेटमधला पहिला 'ट्राय बॉल'? तो चुकला तरी चालायचं. म्हणजे नियम, गुण आणि आणखी एक संधी या गोष्टी दोन्हीकडे आहेत.

दुसरं कारण म्हणजे 'परत एकदा!' ही ओढ. कोतो वॉर्डमध्येच जन्मलेल्या युतो होरिगोमेचं उदाहरण घेऊ. त्याचे वडील टॅक्सी चालवायचे आणि स्केटबोर्डिंगही करायचे. तो त्यांच्याकडूनच शिकला. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक जिंकलं, तेही कोतोमधल्याच अरियाके इथे!

तिथला नियम असा होता: ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच वेगवेगळ्या ट्रिक. या सात गुणांपैकी सर्वांत चांगले चारच धरायचे. होरिगोमेच्या दोन्ही फेऱ्यांचे गुण धरले गेले नाहीत. एक ट्रिकही कामी आली नाही. पण उरलेल्या चार ट्रिकना त्याला प्रत्येकी ९ पेक्षा जास्त गुण मिळाले. बेरीज झाली ३७.१८.

२०२४ मध्ये पॅरिसला तर त्याच्या सलग तीन ट्रिक फसल्या. शेवटची ट्रिक मात्र जमली आणि तो फक्त ०.१ गुणाने पुन्हा पहिला आला. गेममध्ये एखादी पातळी दहा वेळा हरूनही तुम्ही अकराव्यांदा बसता ना? ओढ तीच आहे.

तिसरं कारण ओळखीचं आहे. जो खेळ आपण खेळतो, तो पडद्यावर दिसला की जास्त मजा येते. टोनी हॉक या स्केटबोर्डरच्या नावाचा गेम १९९९ मध्ये आला. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत जपानची आओरी निशिमुरा आहे. पुढच्याच वर्षी तीही टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली. शिवाय टोकियोत जूनमध्ये पावसाळा असतो. बाहेर जाता येत नाही, तेव्हा मित्रांबरोबर खेळायला पडदा उपयोगी पडतो.

कधीकधी वाट उलटीही जाते. जपानमध्ये तयार झालेल्या 'ग्रान तुरिस्मो' या गेमच्या खेळाडूंसाठी एक स्पर्धा होती. ब्रिटनच्या यान मार्डनबरोने ती २०११ मध्ये जिंकली. त्यानंतर त्याने खऱ्या गाडीचं प्रशिक्षण घेतलं आणि २०१३ मध्ये तो ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला.

मग आई-बाबा उगाचच ओरडतात का? नाही. गेममधला स्केटर पडला तर लगेच उभा राहतो. खरा पडला की गुडघा सोलवटतो. कॅच कसा घ्यायचा हे गेम दाखवेल, पण चेंडू हाताला लागतो कसा, हे हातालाच शिकावं लागतं. दम, ताकद आणि तोल पडद्यातून मिळत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी "सगळे खेळाडू गेम खेळतात!" असं सांगून वाद घालू नका. त्याऐवजी म्हणा, "ही पातळी संपली की खाली खेळायला जातो." आणि खरंच जा!

शब्दार्थ
ओढ – एखादी गोष्ट पुन्हापुन्हा करावीशी वाटणं
राज्य येणं – खेळात इतरांना पकडायची पाळी येणं
सोलवटणं – कातडी घासून निघणं

विचार करा आणि लिहा
१. होरिगोमेच्या टोकियोतल्या सात गुणांपैकी किती धरले गेले नाहीत?
२. गेममधून कोणत्या गोष्टी मिळत नाहीत, असं लेखात म्हटलं आहे?
३. आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना फोन करून त्यांच्या लहानपणीच्या एका खेळाचे नियम विचारा. त्यावर पाच वाक्यं लिहा.